साडेतीन, साडेचार

मार्चचा शेवटचा रविवार.
कूलर गच्चीवरून खाली आणून
मी गेल्या सालची कुजकी खस उपसत होते,
तेव्हा वूचहून खुशालचा फोन :
आज घड्याळ एक तास पुढं केलं आमी.
उजेड वाचवाले.

मी हसले, चांगली मोठ्यानं.
उजेड वाचवाले!
इथं मानेवाड्यात सकाळी दहालाच
गच्चीची तार कपडे वाळवत नाही, भाजते.
आमी सावली वाचवतो बाप्पा,
दुपट्ट्यात गुंडाळून, खिशात कांदा घालून.
कमी पडत असंल तर सांग,
कळमन्यातून क्रेट भरून धाडते ऊन.

तो गोदामाचं बोलत राहिला.
मग म्हणाला, आता आपल्यात साडेतीन तास.

साडेतीन. मुहूर्त असतात तितके.
त्याची पाळी सहाला सुटते,
इथं साडेनऊ,
किमया जागी असते.
पडलेला दात दाखवायला
अख्खं तोंड मोबाइलवर टेकवते,
त्याला दिसतो नुसता अंधार
आणि तो म्हणतो, वा, मस्तच पडला.

पूर्ण उन्हाळा असा गेला, पावसाळाही.

ऑक्टोबरात एका रविवारी
सकाळी साडेसहाला मी पोहे धूत होते
आणि तिकडं तिनाचे दोन वाजले.
किमयेला सांगितलं तर म्हणे,
मार्चमध्ये काढलेला तास
ते इतके दिवस ठेवतात कुठं?
ठेवत नाहीत, परत देतात, आज दिला.
आपल्याला?
आपला कुठं घेतला होता, मी म्हटलं,
आणि पोह्यांत खडा शोधत राहिले,
नव्हता तरी.

सोमवारी पाळी सहालाच सुटली.
इथं साडेदहा.
शाळेची बस सव्वासहाला येते,
तिला किती वेळ बसवून ठेवणार?
भिंतीला पाठ लावून
तिनं दहापर्यंत दम धरला, मग कलंडली.

झोपली काय?
हो.
उठवू नको.
नाही.

कूलर कधीचाच झाकून ठेवलेला,
घरात कसलाच आवाज नव्हता.
मी मोबाइल तिच्या नाकाशी धरला.
येते काय आयकू?
येते. राहू दे थोडा वेळ.

त्याच्या मागून ट्राम गेली,
मग दुसरी.
माझा हात भरून आला
तेव्हा उजव्यातला मोबाइल
डाव्यात घेतला.