दहावी टाकी

सोहारच्या पाणी-कारखान्यात रात्री पावणेतीनला
दहाव्या टाकीची पातळी दिसली चारशे दहा टक्के.
खल्फान खुर्चीतून उठला, खिडकीशी गेला.
बाहेर कुठेच पूर नव्हता.
टाकी आपली उभी, निम्मी भरलेली, दमट अंगाने.

आज्ञा मुश्ताक परकारने बसवलेली:
'टाकी' एवढंच लिहायचं, पुढे आकडे ओळीने,
की पडद्यावर तक्ता हजर.
त्याच्या वेळी टाक्या नऊ होत्या
आणि यंत्राला एका दमात नऊच नावं घेता येतात.
दहावं म्हटलं की ते ऐकतं 'पहिलं',
वर त्याच्या शेपटीला शून्य चिकटवतं.
पहिलीत एक्केचाळीस, म्हणून दहावीत चारशे दहा.
चूक म्हणावी, तर किती आज्ञाधारक.

मर्यादा वाढवता येत नाही. मी पुस्तिका चाळली,
रॉडेलला विचारलं, त्याने खांदे उडवले, सुलेमानी दिली.
मग सापडला एक शब्द: शिफ्ट.
तो म्हटला की रांग एक पाऊल पुढे सरकते,
दुसरा पहिल्याच्या जागी, दहावा नवव्याच्या,
आणि पहिला दाराबाहेर.
तो परत येत नाही. म्हणून आधी
त्याचं काय ते लिहून ठेवायचं, मग ढकलायचं.

(मी एकदा उलटं केलं.
पहिल्या टाकीचं पाणी कुठेच नोंदलं गेलं नाही.)

हसू आलं. आमच्या खोलीतही हेच:
खिडकीजवळची खाट सगळ्यात जुन्या माणसाची.
मार्चमध्ये परकार दाभोळला गेला, कायमचा,
आम्ही गाद्या उचलून एकेक खाट सरकलो.
त्याच्या डोक्यात काय काय होतं,
कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कुठला पंप खोटं बोलतो,
ते कुणी उतरवून घेतलं नाही.
एअरपोर्टच्या गाडीला उशीर होत होता.

पहाटे पाचला तक्ता बरोबर आला.
अकरा टाक्या, अकरा आकडे.
खल्फान म्हणाला, बारावी बांधतायत.
म्हटलं, बांधू देत.

सहाची बस लागायच्या आत
फाइलीच्या डोक्यावर एक नोंद घातली,
यंत्र ओलांडून जातं तसली:
परकारने नऊपर्यंत आणलं.
सरकवण्याआधी पहिल्याचं लिहून घ्या.
दोन नंबरचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो, बहुतेक.