कुंदावरचं टिंब

पाचशे पत्रिका छापून आल्या
आणि कुंदाची कुदा झाली.

सोनेरी शाई, गंगापूर रोडचा हॉल,
'चि. सौ. कां.' मधल्या कां-वरचं टिंब शाबूत,
आणि त्याच्या पुढे नवरीच हुकूम सोडतेय :
कुदा.
गडाख हसले नाहीत.
"शुक्रवारपर्यंत पुन्हा छापून द्या," एवढंच बोलले,
चहा अर्धा ठेवून गेले.
मी रात्री घरी हसलो, एकटाच, पोट धरून.
मग कागदाचा हिशेब मांडला आणि थांबलो.

टिंब मला दिसलं होतं, शपथेवर सांगतो.
पण माझ्या पडद्यावर हल्ली
प्रत्येक अक्षराला सावली पडते,
ज्याच्या डोक्यावर काही नाही
त्याच्याही डोक्यावर काहीतरी दिसतं.
रफार कुठला, मात्रा कुठली, अंदाजाने ओळखायचं.
अकरा वर्षांचा मॉनिटर, शालिमारला घेतलेला.
डिसेंबरच्या सकाळी पहिला तासभर
तो गोदेच्या घाटावरच्या धुक्यासारखा असतो,
दुपारी जरा माणसात येतो.

बायको म्हणाली, आधी डोळे दाखवा.
कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टरीणबाईंनी
भिंतीवरची शेवटची ओळ वाचून घेतली :
नंबर तोच, मोतीबिंदू नाही.
म्हणजे एक सबब गेली.

नाझिमने केबल बदलली, सेटिंग बदललं,
काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं.
"काका, हा गेला नाहीये,
पण राहिलाय असंही म्हणवत नाही."
दुसऱ्या दिवशी नवा घेऊन आला, साडेआठ हजारांचा.
"दोन दिवस ठेवा. पटला तर पैसे, नाही तर परत."

नव्यावर कुंदा उघडली.
टिंब नव्हतंच.
दिलं, आणि ते मोहरीच्या दाण्यासारखं
टचकन उभं राहिलं.
ठरलंच होतं की मग.

पण मधेच पंचवटीहून पोरगा आला
वडिलांच्या दशक्रियेची पत्रिका वाढवून मागायला,
आणखी पन्नास.
फाईल उघडली.
कै. दत्तू पिंगळे, मंगळवारीच केलेलं काम.
नाकाखाली नळीचा वळ होता.
ओठांच्या कोपऱ्यात वाळलेलं काहीतरी.
आणि डोळे, फोटो काढणाऱ्याला
'पुरे आता' म्हणणारे.
मंगळवारी यातलं काही नव्हतं.
मंगळवारी पोरगा म्हणाला होता,
"काका, किती शांत केलंत तुम्ही त्यांना,"
आणि मी मान हलवली होती, कारागिरासारखी.

शांत तो पडदा करत होता.

मग दुकान बंद करेपर्यंत
अकरा वर्षांचं फोल्डर उघडत बसलो.
सातपूरचे, सिडकोचे, मखमलाबादचे,
दाढीचे खुंट, देवीचे व्रण,
उसनी टोपी, शेजाऱ्याचा कोट,
एका बाईंच्या चष्म्यात तर
समोर उभं राहून फोटो काढणारी सून दिसली.
एक फाईल नाही उघडली.
तिला नाव मीच दिलंय :
अण्णा-अंतिम-२.
आमच्या धंद्यात अंतिम म्हणजे
यापुढे दुरुस्ती नाही, एवढंच.

वाटलं, दोन्ही ठेवावेत,
अक्षरं इकडं, माणसं तिकडं.
पट्टीने टेबल मोजलं.
साडेतीन फूट. बसत नाही.
आणि पिंगळ्यांच्या पोराला काय सांगणार होतो,
तुझे वडील कुठल्या काचेवर खरे?
पन्नास पत्रिका मंगळवारसारख्याच दिल्या.
वळाला हात लावला नाही,
पुसलाही नाही.
कागदावर तो मुळात उमटतच नाही,
निदान या शाईत.

नाझिम उद्या येईल,
पैसे न्यायला किंवा डबा.
कुंदा पुन्हा छपाईला गेलीय.
टिंब जरा मोठं घेतलंय, गडाखांना न विचारता.
प्रिंटर सध्या खाली, फरशीवर आहे.
कागद घेताना वाकावं लागतं.