नंबर चौदा

स्टोअरचं रजिस्टर अजून माझ्याकडे आहे.
दर आषाढ अमावस्येला एकच नोंद, माझ्याच अक्षरात:
सेफ्टी बूट, नंबर चौदा, एक जोड.
घेणाऱ्याची सही: कोरी.

भांडुपला, शास्त्री मार्गाला लागून, आमची गजधर रोलिंग मिल.
भट्टीतून बिलेट निघायचं ते लाल,
रोलातून सुटलं की सळसळत यायचं अंगावर.
बाबुली परब चिमट्यानं त्याचं तोंड धरायचा
आणि वळवून द्यायचा पुढच्या स्टँडला,
पाहुण्याला पंगतीत बसवावं तसा.

एका रात्रपाळीत पट्टी सुटली, बाबुलीच्या गळ्याकडे आली,
आणि मध्येच,
कुणी पाय द्यावा तशी जमिनीला चिकटली.
निवल्यावर लोखंडात ठसा दिसला.
मी फूटपट्टीनं मोजला.

बाबुली म्हणाला, "ह्यो आमचो राखणदार.
गावची वेस सोडून माझ्या वांगडा इलो, एस्टीन."
"तिकीट?" गुणाजी तावड्यानं विचारलं.
"त्येचा कसला तिकीट? टपार बसलो आसतलो."

गावात त्याला वहाणा वाहतात.
रात्रभर हद्द फिरतो, सकाळी तळ झिजलेले.
इथं वहाणा चालत नाहीत, फॅक्टरी इन्स्पेक्टर ओरडतो.
म्हणून बूट. पुढं पोलादी टोपी असलेले.
सोबत कोंबडा, एक क्वार्टर,
आणि चुना जास्त लावलेली तंबाखू.
कोंबडा आम्ही खायचो. एवढा व्यवहार त्याला मान्य होता.

ऑडिटर बोडस चष्मा पुसत म्हणाले,
"हा कामगार कोण? हजेरी नाही, पगार नाही,
बूट मात्र दरवर्षी!"
मी म्हटलं, साहेब, आज रात्रपाळीला थांबा.
थांबले.
सकाळी शेरा मारला: खर्च योग्य.
खाली तारीख घालायची राहिली.

मिल बंद झाली तेव्हा देण्यांची यादी गेटवर लागली.
बाबुलीचं नाव होतं. पैसे आले तेव्हा बाबुली नव्हता.
युनियनचा माणूस म्हणाला, भुतांना ग्रॅच्युइटी नसते.
आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी.

आता तिथं बत्तीस मजले.
लॉबीत आमच्याच रोलचा एक तुकडा, सोनेरी रंग देऊन, शोभेला.
रात्री साडेतीनला लिफ्ट आपोआप तळघरात जाते,
दार उघडतं, वाट बघतं, मिटतं.
कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. म्हणतो, सेन्सर.
सातव्या मजल्यावरच्या बाईंना तापल्या लोखंडाचा वास येतो.
त्यांनी स्वयंपाकघरातली चिमणी बदलली.
वॉचमन सुकरा ओरांव काहीच म्हणत नाही.
तो बोकारोकडचा.
खुर्ची जरा बाजूला सरकवून बसतो,
जाणाऱ्याला वाट हवी म्हणून.

मी बूट ठेवतच आलो, पेन्शनमधून,
ट्रान्सफॉर्मरच्या मागे, जिथं भट्टी होती.
दुसऱ्या दिवशी बघावं तर टाचा झिजलेल्या,
तळव्यात रुतलेली निळसर कपची.

यंदा गेलो. बूट तसेच.
नाड्या बांधून, जोड एकमेकाला टेकवून,
शेवटच्या दिवशी कामगार
माझ्या काउंटरवर ठेवून जायचे तसे.

सुकरा म्हणाला, "रात्री दीडला छोटं गेट उघडून दिलं मी.
कुणाला, ते विचारू नका.
अनवाणी होता, एवढंच."

रजिस्टरात एक रकाना आहे: परत.
इतकी वर्षं त्यात काही लिहायची वेळ आली नव्हती.
पेनाचं टोपण काढलं, तर शाई वाळलेली.

बूट घरी आणलेत. बायको म्हणते, विकून टाका.
चौदा नंबर कोण घेणार?
गॅलरीत ठेवलेत,
टोकं दाराकडे करून.