शेऱ्याचा रकाना

महिन्यातला दुसरा शनिवार. शीवची शाळा, चौथा मजला.
लिफ्ट फक्त विश्वस्तांसाठी,
म्हणून आम्ही एकवीस शिक्षक धापा टाकत
प्रयोगशाळेत शिरलो
आणि आधी पंख्याखालची बाकं धरली,
अगदी आमच्या पोरांसारखी.

वसईचे डिमेलो सर, गोवंडीच्या नसरीन बाई,
मोऱ्याहून लाँचने आलेले खोब्रेकर.
प्रत्येकाच्या पिशवीत एक वही,
वहीत तीच टिपणं, दर जूनला तारीख बदललेली.

पारनाईक बाईंनी प्रस्तावना केली नाही.
फळ्यावर एकच ओळ लिहिली:
भिंगाचा खालचा अर्धा भाग झाकला
तर प्रतिमेचं काय होईल?
हात वर करा.

सतरा जण म्हणाले, अर्धीच दिसेल.
त्यातही भांडण, वरची अर्धी की खालची.
खोब्रेकरांनी किरणाकृती काढून
खालची सिद्धच केली, बाणांसकट.
तिघं म्हणाले, प्रतिमा येणारच नाही.
डिमेलो सर म्हणाले, मला माहीत नाही.
बाई म्हणाल्या, "वा."

मी सतरांतली.
बावीस वर्षं एक छेद व्ही, वजा एक छेद यू,
चिन्हांच्या संकेतासकट, पाच मार्कांना हमखास.

"करून बघा," बाई म्हणाल्या,
आणि भिंगांचा डबा पुढे सरकवून
खिडकीशी जाऊन बसल्या. पुन्हा बोलल्याच नाहीत.
सांगायला शिकलेल्या माणसांना
ती शांतता फार लांब वाटली.
कुणीतरी समोशांची चौकशी केली.

मी कागद धरला, भिंग धरलं, मागेपुढे केलं,
आणि कागदावर खिडकी उतरली, उलटी:
समोरच्या इमारतीची बाई गॅलरीत डोक्यावर उभी,
तिच्या दोरीवरची साडी खालून वर लोंबणारी,
टॉवरची क्रेन आभाळात पाय रोवून.
सगळं नखाएवढं, आणि हलणारं.
इतकी वर्षं शिकवलं
आणि ती साडी अशी कधी पाहिली नव्हती.

नसरीन बाईंनी उपस्थितीपत्रक दुमडून
भिंगाच्या निम्म्यावर धरलं.
मी वाट पाहिली, काहीतरी कापलं जाण्याची.

बाई होती. साडी होती. क्रेनही होती.
फक्त त्या सगळ्यावर
थोडी संध्याकाळ पडली.

कुणी हसलं नाही. खोब्रेकर फळ्यापाशी गेले,
आपल्या बाणांकडे बघत राहिले,
पुसले मात्र नाहीत.

तेव्हा मला रेश्मा डोईफोडे आठवली. दहावी क.
तिच्या हातून भिंग पडलं, सरळ दोन तुकडे.
मी ओरडले, चाळीस रुपये भरून घेतले.
ती खाली बसली, एक तुकडा उचलून
खिडकीकडे धरला, तळहातावर बघत म्हणाली,
"बाई, अख्खी दिसतेय की खिडकी."
मी म्हटलं, आधी काच गोळा कर.

समोसे आले. प्रमाणपत्रं आली, माझ्या नावात चूक होती.
जिना उतरताना डिमेलो सर म्हणाले,
सोमवारी वर्गात मी हेच विचारणार,
पण उत्तर तोंडातून निसटणार हो, सवय वाईट.

माझं चाळीस सेकंदांनी निसटलं.
मागच्या बाकावरचा एकजण तोवर उठला होता,
"बाई, पण झाकायचं कशानं? हातानं की पुठ्ठ्यानं?"
आणि मी उत्तर सांगून मोकळी झालेले.
तो खाली बसला. ते बसणं मला ओळखीचं होतं.

सुट्टीत डेडस्टॉक रजिस्टर काढलं.
सापडली ती नोंद, माझ्याच अक्षरात:
बहिर्गोल भिंग, एक नग, फुटले, रक्कम वसूल.
तुकडा कपाटात नव्हता. बहुतेक तिनं नेला.

शेऱ्याचा रकाना कोरा होता.
तिथे लिहिलं, प्रतिमा पूर्ण येते,
आणि खाली आजची तारीख.

ऑडिटला आले की विचारतील, हे काय?
विचारू देत.