कलम चारशे बारा, पोटकलम ‘क’

मी विधेयकं वाचतो. मोठ्यानं, दार लावून.
समोर विनिफ्रेड, छापील प्रतीवर फूटपट्टी धरून.
मी म्हणतो: स्वल्पविराम. ती म्हणते: आहे.
पंचवीस वर्षं झाली. कॅपिटॉलच्या घुमटाखाली
आमच्याइतकं सावकाश कुणी बोलत नाही.

म्हणून व्हर्ली स्टॅम्पर मला ठाऊक आहे.
पाहिलेली नाही.

केंटकीच्या डोंगरात ती शाळेची पिवळी बस चालवायची.
एका जुलैत, रात्री तीनला, ओढा न विचारता
पायऱ्या चढून आला, आणि शेजारचा डूली नेपियर
गाद्या वर उचलता उचलता गेला.
तिनं खासदाराला पत्र लिहिलं, वहीच्या कागदावर:
ओढ्यात पाणी मोजणारी पट्टी हवी, आणि भोंगा.
भोंगा मोठा हवा. डूलीला कमी ऐकू यायचं.

वकिलांनी त्या पत्राला कायद्याची भाषा नेसवली
आणि एका मंगळवारी ते लाकडी पेटीत पडलं,
जिचं नाव धान्याच्या चाड्यावरून आलंय.
आकडा मिळाला. तेवढंच बारसं.
घुगऱ्या कुणी वाटल्या नाहीत.

मग समिती. समितीच्या पोटात आणखी एक समिती.
तिथं घोंगडं भिजत पडलं.
अध्यक्षांनी नाही म्हटलं नाही. हात लावला नाही, एवढंच.
दोन वर्षं सरली, काँग्रेसची मुदत संपली,
आणि हजारो भावंडांसोबत तेही
हातोड्याच्या एका ठोक्यात गेलं.
सुतक नाही.

व्हर्लीनं पुन्हा लिहिलं. तेच पत्र, खाली एक ओळ जादा:
यंदा ओढा दोनदा येऊन गेला.

नवी काँग्रेस, नवा आकडा. या खेपेला सुनावणी.
अकरा तास प्रवास, बोलायला पाच मिनिटं.
इतिवृत्तात तिच्या एका वाक्यापुढं ‘हशा’ असं छापलंय.
मी ते वाक्य चारदा वाचलं. हसू कशाचं, कळलं नाही.

मग घंटा वाजल्या, माणसं जेवण टाकून धावली,
भिंतीवर नावांपुढं हिरवे दिवे लागले.
निळ्या कागदावर छापून ते सिनेटकडं गेलं,
तिथं एकानं, नाव न सांगता, पाय आडवा घातला.
आठ महिने.
शेवटी डिसेंबरच्या एका रात्री
अकराशे पानांच्या थोरल्या विधेयकात कुणीतरी ते सरकवलं,
परक्या वऱ्हाडात शिरलेल्या पोरासारखं.

ते माझ्यापुढं आलं तेव्हा पहाट होत होती.
भोंग्याचं ‘श्राव्य इशारा यंत्रणा’ झालं होतं.
पुढं तीन शब्द: निधी उपलब्ध झाल्यास.
मी थांबलो.
स्वल्पविराम? विनिफ्रेडनं विचारलं.
आहे, मी म्हणालो.
चुका आमच्या हातात असतात, अर्थ नाही.

जाड, चर्मपत्री कागद. दोन्ही सभागृहांच्या सह्या.
राष्ट्राध्यक्षांना दहा दिवस, रविवार सोडून.
सातव्या दिवशी त्यांनी चौदा पेनांनी एक नाव लिहिलं
आणि पेनं वाटून टाकली.
कायदा झाला. पैशाचं विधेयक वेगळं असतं,
त्याला अजून आकडाही नाही.

वसंतात एक पत्र चुकून आमच्या तळघरात आलं.
पुलाच्या खांबावर तिनं लाल रंगानं फूट आखलेत,
मोडीतल्या बसचा हॉर्न डूलीच्या ओसरीत टांगलाय.
वाजवला तर खोऱ्यातली सगळी कुत्री उठली.
शेवटी विचारलंय: झाल्यास म्हणजे कधी

सवयीनं मी ते मोठ्यानं वाचलं.
प्रश्नचिन्ह, म्हणालो.
विनिफ्रेडनं फूटपट्टी खाली सरकवली.
नाही, ती म्हणाली. दिलेलं नाही.