बेचाळीस नग

राजारामपुरीत आठव्या गल्लीत पतसंस्थेचं शटर
अर्ध्यावर ओढून घेतलं, शनिवारी रात्री.
वरच्या मजल्यावर बेचाळीस संगणक
आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं.
कुठं पासबुक छापताना जोडाक्षर मोडतं,
कुठं तारीख मागच्या सालात अडकलेली,
आवटींच्या यंत्रात तर कुणाच्या तरी बारशाचे
तीनशे फोटो.

एकेकाला औषध देत बसलो तर पाडवा उजाडेल.
म्हणून एकच घेतलं, आठ दिवस माझ्या टेबलावर.
त्यात सगळं नीट बसवलं,
मराठी कळफलक, व्याजाचं सॉफ्टवेअर,
प्रिंटरचा तो हट्टी ड्रायव्हर.
मग त्याचं नाव पुसलं, नंबर पुसला,
कारण एका नावाची बेचाळीस एका जाळ्यात नांदत नाहीत.
जे उरलं त्याची इमेज काढली.

आमच्या धंद्यात इमेज म्हणतात.
आमच्या घरात पॅटर्न.

आप्पा उद्यमनगरात पॅटर्न करायचे, सागवानी.
पंपाचं कव्हर, पुली, गुऱ्हाळाच्या चरकाचे दात.
त्यांची फूटपट्टी बाजारातल्या पट्टीशी जुळायची नाही,
फुटामागं एक सूत जास्त.
मी ती एकदा शाळेत नेली
आणि भूमितीच्या तासाला मार खाल्ला.
लोखंड निवताना आक्रसतं, ते म्हणाले,
तेवढं आधीच देऊन ठेवायचं असतंय.
आणखी एक म्हणायचे, पॉलिश कागद घासता घासता:
लाकडावर ओरखडा राहिला तर वाळू विसरत नाही.
शंभर नग काढ, शंभरांत उतरंल.

पावणेबाराला सुरू केलं.
बेचाळीस पडद्यांवर एकदम निळी पट्टी सरकू लागली,
वॉचमन कळंत्रे चहाची किटली धरून दारातच उभा.
सगळी एकदम व्हय?
एकदम.
तो म्हणाला, माणसांचं असलं काही निघालं तर सांगा,
आमचा थोरला जरा बघायचाय.

सोमवारी दुपारी चार वाजता
बेचाळीस ठिकाणी टिंग झालं
आणि बेचाळीस कोपऱ्यांत पिवळी चौकट उघडली:
आप्पांना फोन कर.

माझीच आठवण. आठ दिवसांत कधीतरी लावलेली.
नाव पुसलं, नंबर पुसला,
ही तेवढी राहिली.

नेर्लेकर बाई हसल्या, म्हणाल्या, सासऱ्यांना करू का?
मुल्लाणीनं विचारलं, आमच्यात अब्बा म्हणतात, चालतंय न्हवं?
मगदूम काही न बोलता जिन्यात गेला
आणि खालून त्याचा आवाज येत राहिला,
जनावराला पेंड कुठली घालता, म्हणून.
आवटींनी चौकट बंद केली.
त्यांचे वडील जाऊन सहा वर्षं झाली.
पाचशेचं एकच बंडल त्यांनी तीनदा मोजलं,
खिडकीसमोरचं गिऱ्हाईकही गप्प.

मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं.
हे काय, सुतार?
म्हटलं, ओरखडा राहिला, साहेब.
त्यांना कळलं नाही. रात्रीत काढा म्हणाले.

रात्रीत काढलं. मूळ यंत्रातून आधी,
मग सगळ्यांतून.
या खेपेस अक्षर न् अक्षर तपासलं,
हात फिरवून बघावं तसं.

मंगळवारी चार वाजले.
काहीच वाजलं नाही.
दोन-तीन माना वर झाल्या, कोपऱ्याकडं,
आणि परत खाली गेल्या.
मी टेबलाखाली होतो, तोंडात स्क्रू,
केबलीचा गुंता सोडवत.

साडेचारला खिशातला मोबाईल थरथरला.
आप्पा कधी आपणहून फोन करत नाहीत.
काय रं, म्हणाले, मशीन बंद पडलं व्हय?

स्क्रू तोंडातून काढला.
म्हटलं, न्हाई आप्पा,
दुरुस्त झालं.