उधारीचा कंपास

दहावी ब मध्ये आम्ही बेचाळीस.
त्यातले एक्केचाळीस त्या सोमवारी
जेटीवर जाऊन बसलो, पाय खाली सोडून.
खाली ट्रॉलरच्या डिझेलचं रंगीत पाणी,
वर घारी.
वर्गात एकटी हेमांगी कुबल.

ठरलं होतं शनिवारी, सुरूच्या बनात.
गौरेश धुरीने हात पुढे केला,
त्यावर हात, त्यावर हात,
माझा कितवा होता आठवत नाही.
हेमांगी दप्तराचा तुटका पट्टा शिवत होती,
जाळ्याच्या निळ्या नायलॉनने.
मान वर न करता म्हणाली,
"माका नकाशो काढूचो आसा."
एवढंच.
बंड असतं तर आम्हाला सोपं गेलं असतं.

सरांनी म्हणे त्या दिवशी हजेरीही घेतली,
एक ते बेचाळीस,
प्रत्येक नावानंतर थांबत.
मग तिला एकटीला सह्याद्रीचे घाट शिकवले,
फळा भरून.

मंगळवारी आम्ही तिला वाळीत टाकलं.
हा शब्द कुणाला शिकवावा लागला नाही.
घराघरात होता तो, माळ्यावरच्या कोयत्यासारखा.
गावकीने एका घराची विहीर बंद केली होती,
आगपेटी बंद, मयताला खांदा बंद,
हे आम्ही जेवताना ऐकत वाढलेलो.
आमच्याकडे विहीर नव्हती, मयत नव्हतं.
जे होतं ते बंद केलं:
रबर, तरीतली जागा,
गृहपाठाचा पान नंबर,
"किती वाजले गो?"
बोलेल त्याला दहा रुपये दंड.
गौरेशने हिशोब चोख ठेवला,
मार्चमध्ये त्या पैशांचे आम्ही बर्फाचे गोळे खाल्ले.
माझे दहा होते त्यात.
पायवाटेवर तिच्या पावलाशी फुरसं दिसलं
आणि मी ओरडले होते, "गो हेमा!"
दंड भरताना मी कुणाशी वाद घातला नाही.

तिचा कंपास माझ्याकडे राहिला होता.
शुक्रवारी मागून घेतलेला, सोमवारी द्यायचा.
आता "हा घे" म्हणजे दहा रुपये.
गुपचूप बाकावर ठेवता आला असता.
हे मी आज म्हणते.
तेव्हा तो माझ्या पेटीत खडखडायचा
आणि मी पेटी हळू उचलायला शिकले.

पूर्वपरीक्षेला तिने हातातली काचेची बांगडी काढली,
पेपरवर ठेवली, भोवतीने पेन्सिल फिरवली.
शेजारच्या रांगेतून दिसत होतं मला:
सुरेख, पूर्ण वर्तुळ.
फक्त त्याला केंद्र नव्हतं.
मग तिने दोन जीवा आखल्या,
पट्टीने मध्य काढले, गुण्या लावला,
दोन रेषा जिथे भेटल्या तिथे
ठिपका दिला.
हे आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं.
आम्हाला कधी लागलं नव्हतं.
बांगडी तिने परत हातात घातली.
माझं वर्तुळ तिच्याच कंपासने काढलेलं,
जरा वाकडं आलं.

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला
आणि बंदी उठली, कुणी न उठवता.
तरीत गौरेशच तिला म्हणाला,
"वायच सर गो,"
आणि ती सरली.
जणू चार महिने तिथे कोणी बसलंच नव्हतं.

मी कंपास काढला.
सुईला खाऱ्या हवेचा गंज, स्क्रू अडकलेला.
"तुझो," म्हटलं.
आवाज माझा मलाच परका.
तिने घेतला, उघडला, मिटला.
"ह्येची सवय नाय रवली माका. ठेव तू."
रागाने नाही.
राग असता तर तोही मी
घरी नेऊन जपला असता.

तर धक्क्याला लागली.
फळीवर आमची रांग,
एकामागून एक, एकमेकांच्या दप्तराला धरून.
तिने चपला हातात घेतल्या
आणि मधूनच गुडघाभर पाण्यात उतरली.
आम्ही बघत राहिलो,
तेव्हा कुठे मला आठवलं:
ती पाचवीपासून अशीच उतरायची.